माझ्या डोक्यावरची चाई

पहिला चट्टा वैनीला दिसला. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि केस इतके दाट होते की न्हाणं झाल्यावर ते वाळेपर्यंत मला परसातून घरात येऊ देत नसत. सारवलेली जमीन भिजून जायची. त्या दिवशी वैनी मागे बसून तेल लावत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"काय झालं, वैनी?"

"काय न्हाय. हलू नका, वन्सं."

पण तिनं लगेच आईला हाक मारली, आणि दोघी माझ्या डोक्यावर वाकून कानडीत कुजबुजायला लागल्या. आईचं माहेर चिकोडीकडचं. मला कळू द्यायचं नसलं की ती कानडीत बोलायची, जणू मला कानडी येतच नव्हती. मी हात मागे नेऊन चाचपलं. उजव्या कानाच्या वर, सुपारीएवढ्या जागेत एकही केस नव्हता. कातडी तळहातासारखी गुळगुळीत. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. उशीवर मात्र त्या जागेचे केस पडलेले होते, मुळासकट.

"चाई लागली," आई म्हणाली. एवढं ती मराठीत बोलली.

आमचं गाव सदलग्याजवळ, दूधगंगेच्या काठाला. शेती तंबाखूची आणि थोड्या उसाची. घर जैनांचं, म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारं. त्या सुगीत माझं लग्न व्हायचं ठरलं होतं. मुलाकडचे निपाणीजवळचे, तंबाखूच्या वखारीवाले. साखरपुडा झालेला होता. म्हणून चाईची गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं त्याच दिवशी ठरलं.

मग औषधं सुरू झाली. पहिलं औषध आईचं. पाटाच्या कडेला माका उगवायचा, तो मुळासकट उपटून, वाटून, त्याचा रस तिळाच्या तेलात टाकून लोखंडी कढईत आटवायचा. तेल झालं की नाही हे बघायला आई त्यात कापसाची वात बुडवून पेटवायची. वात तडतडली तर रसाचं पाणी अजून उरलंय. शांत जळली तर तेल झालं. ते काळंहिरवं तेल मी रोज दोनदा लावायची. पंधरा दिवसांत आणखी तीन चट्टे पडले. मग जास्वंदीची फुलं वाटून लावली. मग मेथ्या भिजवून. मग आवळकाठी. माझ्या डोक्याला कधी गोड वास यायचा, कधी कडू, आणि केस आपले गळतच होते.

वैनीला कुणीतरी सांगितलं की कांद्याचा रस चोळला की केस येतात. आमच्या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नसे. वैनीनं मागच्या गल्लीतून एक कांदा मागून आणला, पदराखाली लपवून, आणि गोठ्यात बसून दगडावर ठेचला. आम्ही दोघी रडत होतो, कांद्यानं आणि हसण्यानं. आप्पा शेतावरून आले आणि ओसरीतच थांबले.

"घरात कांदा कुणी चिरला?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर येईना. वैनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला माहेरी धाडतील असं तिला वाटलं असावं. मी पुढं झाले.

"मी ठेचला, आप्पा. खाल्ला न्हाय. डोस्क्याला लावलाय."

आप्पांना मी कधी उलटून बोललेली नव्हते. "आंगण्यात जाऊन डोस्कं धू," एवढंच ते म्हणाले. मी धुतलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, आणि पुन्हा धुतला. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही.

शेवटी आईनं नदीकाठच्या बाईला बोलावलं. ही बाई मेंढरं राखणाऱ्यांतली. उन्हाळ्यात त्यांची मेंढरं आमच्या रानात बसायची. बाळंतिणीला, तान्ह्या पोरांना, बैलाच्या खांद्याला, मेंढराच्या खरजेला, सगळ्यांना ती झाडपाला द्यायची. सगळे तिला पाल्याची मावशी म्हणत. चाळिशीची, उन्हानं रापलेली, बोलायला रोखठोक. तिनं मला उजेडात बसवलं, केस बाजूला करून एकेक चट्टा बघितला, बोटानं दाबला.

"चाईच हाय," ती म्हणाली. "कडू पडवळाच्या पाल्याचा रस लावा. त्यानं न्हाय भागलं तर गुंज उगाळून देते, मधात."

"मध आमच्यात चालत न्हाय," आई म्हणाली.

"खायाचा न्हवं, लावायचा."

"लावायचाबी न्हाय."

"बरं, मग पाण्यात उगाळा. गुंज इखारी असती पोरी, हात धुतल्याबिगर तोंडाला लावू नगंस."

आईनं तिला विचारलं, "केस येतील न्हवं? सुगीत लगीन हाय."

मावशी उठून उभी राहिली, हात झटकले. "पाला मी देते बाई. वचन देत न्हाय. चाईचे केस येतात तवा येतात. कुणाचे चार म्हैन्यांत, कुणाचे चार वर्सांत, कुणाचे कंदीच न्हाय. म्या लावल्यानं आले असं म्हणणारे लई हाईत. खरं मी तसं म्हणत न्हाय."

आईला तो अशुभ बोल वाटला. मला मात्र त्या दिवसापासून ती बाई आवडली. इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोलणारी ती पहिलीच. पडवळाचा पाला आणायला मी तिच्याबरोबर नदीकाठानं हिंडायला लागले. कुठला पाला कशाला, कुठला जनावरालाच द्यायचा, कुठला तोडताना डोळ्याला हात लावायचा नाही, हे ती चालता चालता सांगायची. तिच्यापुढं मी पदर काढून उघड्या डोक्यानं चालायची. वारा लागला की चट्ट्यांना गार वाटायचं.

गुंजेनं कातडी लाल झाली, फोड आले, आणि केस आले नाहीत. दोन महिन्यांत डोक्यावर मागच्या बाजूला एक झुबका उरला आणि बाकी इथं तिथं बेटं.

सणाला मुलाकडच्या बायका साडीचोळी घेऊन येणार असा निरोप आला. आईनं सदलग्याच्या बाजारातून गंगावन आणवलं. काळंभोर, जाड, कुणाच्या तरी केसांचं. वैनीनं ते माझ्या उरलेल्या झुबक्याला बांधून खोपा घातला, वर पदर घेतला, पदर टाचणीनं टोचला. "मान लई हलवू नका," ती म्हणाली. आरशात बघितलं तर मी पूर्वीसारखीच दिसत होते. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. मला किळस आली. कुणाचे केस होते ते, आणि त्या बाईनं ते कशापायी कापून दिले असतील, हेच मनात यायला लागलं.

त्या तिघी आल्या. माझी होणारी सासू, तिची जाऊ, आणि एक म्हातारी आत्या. सासू देखणी होती, आवाज मऊ. तिनं ताटात साडी ठेवली, चोळीखण ठेवला, आणि अबोलीचा भलामोठा गजरा.

"हिकडं ये गं, माझ्या हातानं माळते."

आई झटकन पुढं झाली. "असू दे विहीणबाई, मी माळते. तुम्ही बसा."

"वा, माझ्या सुनंला मी न्हाय तर कुणी माळायचं?"

आईचा हात गजऱ्यावर होता. मला अजून दिसतो तो हात. दोन महिने तिनं कढईपुढं बसून तेलं आटवली होती, त्यानं बोटं काळी पडली होती. माझ्यासाठी ती खोटं बोलायला उभी राहिली होती आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं. मी टाचणी काढली. पदर खाली केला. खोपा सोडला, गंगावन ओढून काढलं आणि साडीच्या ताटात ठेवलं.

"गजरा ह्याला माळा, आत्याबाई," मी होणाऱ्या सासूला म्हणाले. "हे माझं न्हवं. माझं हे एवढंच हाय."

म्हातारीनं "अगं बाई" म्हणून तोंडावर हात घेतला. जाऊ सरळ उठून ओसरीत गेली. होणारी सासू मात्र उठली नाही. ती माझं डोकं बघत होती, एकेक चट्टा, जसा मावशीनं बघितला होता तसा, पण वेगळ्या नजरेनं.

"कधीपासनं?" तिनं आईला विचारलं.

"तिला इचारू नका. मला इचारा," मी म्हणाले. "दोन म्हैनं झालं. रोग लागट न्हाय. जेवते, राबते, वाचता येतं. केस येतील का म्हाईत न्हाय."

"आणि लपवलंसा," ती म्हणाली.

"म्हणून तर दाखवलं."

त्यांनी साडी उचलून नेली. जाताना गंगावन ताटातून काढून बाजेवर ठेवायला सासू विसरली नाही. लग्न मोडल्याचा निरोप चार दिवसांनी आला. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. "चार दिस गप बसली असतीस तर काय बिघडत होतं?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची. मला पश्चात्ताप झाला का असं पुष्कळांनी पुढं विचारलं. रडू आलं, हे खरं. गोठ्यात बसून पुष्कळ रडले. पण ते केसांसाठी आणि आईसाठी. गंगावन काढल्याबद्दल एकदाही नाही.

गावात बायका मला हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या. बोडकं डोकं म्हणजे विधवेचं, असा हिशेब. माझं लग्नच झालं नव्हतं, तरी मी पांढऱ्या पायाची ठरले. मग थोरल्या काकांनी एक तोडगा काढला. त्या चातुर्मासात चिकोडीकडच्या एका गावी एक आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, राहिल्या होत्या. काका आप्पांना म्हणाले, "हिला दीक्षा देऊन टाका. त्यांना केस उपटून काढावे लागतात. हिचे आयतेच गेलेत." ते हे चेष्टेनं बोलत नव्हते. त्यांना खरंच तो मार्ग सोयीचा वाटत होता, आणि घराण्याचंही नाव झालं असतं.

आप्पा मला बैलगाडीतून घेऊन गेले. मंदिराच्या बाजूच्या खोलीत त्या चटईवर बसल्या होत्या. पांढरी साडी, जवळ मोरपिसांची पिंछी, किडामुंगी हळूच बाजूला सारायची. डोक्यावर नुकतेच उगवायला लागलेले केस, अगदी बारीक. मी नमस्कार केला. आप्पांनी अडखळत सगळं सांगितलं, लग्न मोडल्याचंही. आर्यिकांची मराठी तुटकी होती. त्या माझ्याशी सावकाश बोलल्या.

"तुला यायचं आहे की पाठवलं आहे?"

आप्पा बोलायला गेले. आर्यिकांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"पाठवलंय, अम्मा," मी म्हणाले.

"तुझे केस पडले. माझे मी काढले, माझ्या हातानं. दोन्ही एक नव्हे. सोडायला आधी हातात असावं लागतं." त्या आप्पांकडं वळल्या. "हिला लपवायला जागा हवी म्हणून माझ्याकडं आणली का?"

आप्पांनी मान खाली घातली. माझे आप्पा, ज्यांच्यापुढं गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

"वाचता येतं?" अम्मांनी मला विचारलं.

"मराठी चौथी झाली. कानडी अक्षरं लावून लावून येतात."

"मग पुढं शीक. मन झालं तर चाळीस वर्षांनी ये. मी नसेन, दुसरी कुणी असेल."

परतीच्या वाटेवर गावाची शीव आली. आप्पा बैल थांबवून म्हणाले, "बेळगावात तुझी मावशी हाय शहापुरात. ऱ्हाशील तिथं?"

"ऱ्हाईन."

"लोक बघतील. डोस्कं..."

"बघू देत. ऊन लागलं तर झाकीन, आप्पा. लोकांसाठी न्हाय झाकणार."

ते हसले. केस गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

शहापुरात घरोघर माग चालायचे. सकाळी त्यांच्या खटखटीनं जाग यायची. मावशीच्या घरी राहून मी फायनलची, म्हणजे मराठी सातवीची, परीक्षा दिली, मग मास्तरणीचं ट्रेनिंग घेतलं. वर्गातल्या मुली पहिल्यांदा माझ्यापासून दोन हात लांब बसायच्या. एकीनं सरळ विचारलं, "अंगावर उडतं का हे?" मी म्हणाले, "उडत असतं तर वैनीच्या डोक्यावर उडालं असतं, तिनं रोज तेल लावलंय." ती पुढं माझी जिवलग मैत्रीण झाली.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी केस आले. मी तेव्हा काहीच लावत नव्हते, साधं खोबरेल सोडून. आधी बाळाच्या जावळासारखी पांढरी लव आली, मग तीच वाढत गेली. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आणि बोटभर पांढरेशुभ्र केस. मावशी म्हणाली, मेंदी आणि नीळ लाव, काळे दिसतील. मी नाही लावली. चार वर्षं वाट बघून आलेले केस होते ते, त्यांना आल्या आल्या रंगात बुडवायचं माझ्या जिवावर आलं. पुढं हळूहळू त्यांतले पुष्कळसे आपोआप काळे झाले.

केस अजून पांढरेच होते तेव्हाच मी येळ्ळूरच्या बाजूच्या एका गावात मुलींच्या शाळेवर लागले होते आणि शनिवारी दुपारी बेळगावला यायची. एक दिवस मावशीच्या घरी एक तेलवाला येऊन बसला. स्वच्छ धोतर, काळा कोट, टोपी. बाजारात त्याचं दुकान होतं. माका, ब्राह्मी, आवळा घालून केलेलं तेल तो बाटलीत भरून विकायचा. तेल वाईट नव्हतं. वासही छान.

"बाई, तुमची हकीकत ऐकली," तो म्हणाला. "चाई जाऊन केस आले. आमच्या तेलाच्या जाहिरातीत छापतो. फोटो काढू. तुमचं नाव घालणार नाही, नुसतं एक शिक्षिका म्हणू."

"पण मी तुमचं तेल लावलेलंच नाही."

"माका लावला होता ना? आमच्यात तोच आहे."

"माका लावला तेव्हा केस गळले. काही लावलं नाही तेव्हा आले. हे छापणार का?"

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, लोकांना धीर येतो हो. तुमच्यासारख्या कितीतरी मुली आहेत."

माझं डोकं फिरलं. त्या मुलींची मला चांगलीच कल्पना होती. कढईपुढं बसलेल्या त्यांच्या आयांचीही होती. "त्यांना धीर द्यायचा असेल तर चाई लागट नाही एवढं बाटलीवर छापा," मी म्हणाले. "माझं डोकं छापायचं नाही."

त्यानं ऐकलं नाही. महिन्याभरात त्याच्या दुकानावर पाटी लागली. फोटो नव्हता, पण बेळगावजवळच्या एका शिक्षिकेचे चाईनं गेलेले केस या तेलानं आले, असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. त्या भागात पांढऱ्या केसांची तरुण मास्तरीण मी एकटीच होते. शाळेच्या दारात बायका यायला लागल्या. एक बाई हिंडलग्याहून मुलीला घेऊन चालत आली. मुलीचं डोकं फडक्यानं बांधलेलं. तिच्या हातात ती बाटली होती, अर्धी संपलेली.

त्या शनिवारी मी बाजारात गेले. दुकानापुढं पाचसात बायका उभ्या होत्या. मी पाटीखाली उभी राहिले आणि डोक्यावरचा पदर काढला.

"ह्या पाटीवरची शिक्षिका मी," मी म्हणाले. "हे तेल मी थेंबभर लावलेलं न्हाय. केसांना तेल म्हणून हवं तर खुशाल घ्या, तेल चांगलं हाय. चाईसाठी घेऊ नका. चाईचे केस कधी येतात, कधी येत न्हाईत. माझे चार वर्सांनी आले, आपणहून."

तेलवाला बाहेर आला. "बाई, हा तमाशा कशाला?"

"पाटी तुम्ही लावली. मी फक्त वाचून दाखवते."

रस्त्यावर माणसं जमली. कुणी म्हणालं बाईमाणसानं असं बाजारात उभं राहणं शोभत नाही. कुणी म्हणालं व्हय, खरंच सांगतीय ती. माझा आवाज शाळेत कमावलेला होता, मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तेलवाल्यानं शिडी आणवली आणि पाटी उतरवली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा लागली, शिक्षिकेची ओळ पुसून. तेवढं मला पुरे होतं. मला त्याचं दुकान बंद पाडायचं नव्हतं.

हिंडलग्याच्या त्या मुलीला मी औषध दिलं नाही. पाल्याच्या मावशीसारखंच सांगितलं, पडवळाचा रस लावायचा तर लाव, अपाय नाही, पण वचन नाही. आणि शाळेत नाव घातलं. ती फडकं बांधून यायची. दुसऱ्या वर्षी बांधेनाशी झाली. केस आले नव्हते. सवय झाली होती, तिला आणि बाकीच्यांना.

माझे केस पुढं आणखी दोनदा गेले. एकदा आई वारली त्या वर्षी, आणि एकदा देश स्वतंत्र झाला त्या उन्हाळ्यात. झेंड्याच्या दिवशी गावातल्या प्रतिष्ठित मंडळींपैकी एक बाई शाळेत आल्या, मला बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाल्या, "आज मंगल दिवस आहे. तुम्ही मागच्या रांगेत उभ्या राहाल का? डोकं असं..."

"माझा वर्ग पहिला आहे," मी म्हणाले. "पहिल्या वर्गाची रांग पुढं असते."

मी पुढं उभी राहिले. रिमझिम पाऊस होता. थेंब थेट टाळूवर पडत होते, आणि मुली गात होत्या, निम्म्या सुरात, निम्म्या बेसूर. गाणं संपल्यावर साखर वाटली. त्या बाईंनी माझ्या हातावर ठेवताना माझ्याकडं बघितलं नाही. मी खाल्ली आणि मुलींना रांगेनं वर्गात नेलं, कारण दिवस मंगल असला तरी हजेरी घ्यायची राहिली होती.